मामानं उसवलेली बैठक

माझ्या मामाशी वाद घालायचा तर आधी पोटभर जेवून यावं. तो आवाज चढवत नाही, मध्ये तोंड घालत नाही, तुमचं सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि शेवटी म्हणतो, "बरोबर आहे तुझं. पण नाही." गेली एकतीस वर्षं मी हे ऐकते आहे. माझ्या नाकावर राग असतो असं जे लोक म्हणतात, त्यांनी माझ्या मामाबरोबर एक आठवडा काढावा आणि मग बोलावं.

आमचा खुर्च्यांचा कारखाना नऊ जणांचा. मालक कुणी नाही, किंवा नऊच्या नऊ मालक, कसंही म्हणा. माणसं बदलली, आकडा नऊच राहिला. मामा सुतारकाम करतो, मी वेताच्या बैठका विणते. कारखान्याचे नियम दोन आणि दोन्ही मामानं तरुणपणी लिहिलेले. पहिला, खुर्चीवर कुणा एकाचं नाव घालायचं नाही, नुसता कारखान्याचा शिक्का. कारण प्रत्येक खुर्चीला सगळ्यांचा हात लागलेला असतो. दुसरा, काहीही ठरवायचं तर नऊही हात वर झाले पाहिजेत. एक हात खाली राहिला की ठराव पडला. चहाचं नवं भांडं घ्यायला आम्हाला सात महिने लागले होते, कारण लाकूड कातणारा आमचा कातारी जुन्याच भांड्याच्या प्रेमात होता.

यंदा मामानंच एक ठराव मांडला. त्याचं वय चौऱ्याहत्तर. वर्षभरापासून उजवा हात थरथरतो. रंधा मारताना तो हात डाव्या हातानं दाबून धरतो आणि आपल्याला कुणी बघितलं नाही असं त्याला वाटतं. तर तो म्हणाला, "या महिन्याअखेर मी थांबतो. हात वर करा." आमचे हात कसेबसे वर गेले. माझा सगळ्यात शेवटी गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही. पन्नास वर्षं या माणसानं खुर्च्या केल्या, आणि उद्या तो घरी बसला की जगात एक काडीसुद्धा त्याच्या नावाची नाही. तीही त्याच्याच नियमामुळे.

आणि चारच दिवसांनी संग्रहालयाचं पत्र आलं.

त्यांनी 'काम, कला आणि समता' नावाचं प्रदर्शन मांडलं होतं. त्यात आमची एक खुर्ची होती, शिक्क्यावरून त्यांनी आम्हाला शोधून काढलं होतं. नऊही जणांनी यावं, आम्ही सगळं फिरवून दाखवू, आणि जाण्यापूर्वी एवढंच सांगावं की ही खुर्ची कुणी केली, कारण पाटी नव्यानं छापायची आहे. सोबत फोटो होता. तो बघून माझे हातच थांबले. बुटकी, रुंद हातांची खुर्ची. एका म्हाताऱ्या शिक्षिकेनं वाचत बसायला करून घेतली होती. तशी दुसरी आम्ही केलीच नाही.

ती खुर्ची मी कशी विसरेन? तिची बैठक मी विणलेली पहिली बैठक. एकोणीस वर्षांची होते मी. चार दिवस खपून विणली, बोटं सोलून निघाली. मामानं खुर्ची उलटी केली, खालून बघितलं आणि म्हणाला, "उसवावी लागेल." कुठे चुकलं ते सांगितलं नाही. मी रडत घरी गेले. सकाळी आले तर खुर्ची गेलेली. "बैठक मी रात्री उसवून पुन्हा विणली," मामा म्हणाला, "आता तू दुसरी घे." यावरून मी त्याला एकतीस वर्षं टोमणे मारते आहे. बैठक जरा सैल दिसली की म्हणते, "मामा, रात्री येऊन उसवशील ना?" तो हसतो, पण त्या चुकीबद्दल ताकास तूर लागू देत नाही.

पण आता त्या रागातच मला युक्ती दिसली. सांगाडा मामाचा. बैठक, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, मामाची. कातीव काम त्या खुर्चीला मुळात नाही, त्यामुळे कातारी बाद. पॉलिशसुद्धा मामानंच केलेलं, कारण तेव्हाचा पॉलिशवाला आजारी होता. म्हणजे कारखान्यात आजवर झालेली ही एकच खुर्ची अशी, जिला एकाच माणसाचा हात लागलाय. तिथे 'सगळ्यांचा हात' म्हणून सुटका नाही. मी ठरवलं, तिथेच, संग्रहालयात, परक्या माणसांसमोर ठराव मांडायचा. मामा लोकांसमोर भिडस्त होतो. कातारी आणि पॉलिशवाली यांना मी आधी फोडून ठेवलं. चिटणिसाला सांगायची गरज नव्हती. तो ठरावाची वही उशाला घेऊन झोपतो.

संग्रहालयाची ताई मोठी गोड पोरगी होती. पाठ केलेलं बोलत होती, पण मनापासून. पहिल्या दालनात हातानं छापलेले भिंतीचे कागद होते, मातीची भांडी होती. ती म्हणाली, "या लोकांचं म्हणणं होतं की सुंदर वस्तू फक्त श्रीमंतांच्या घरात नकोत. त्या सगळ्यांच्या असाव्यात. आणि त्या करणाऱ्यालाही काम करताना आनंद व्हावा."

"आनंद होतो," पॉलिशवाली म्हणाली. "वास गेला की होतो."

"सगळ्यांच्या आहेत ना," मामानं विचारलं, "मग त्या सुरईतून पाणी पिऊ का?"

ताई गोंधळली. सुरई काचेत होती आणि शेजारी पहारेकरी उभा होता. मामा म्हणाला, "राहू दे, ताई. तहान नाही फारशी."

दुसऱ्या दालनात कामगारांच्या मोर्चाचं भरतकाम केलेलं मोठं निशाण होतं. खाली पाटी, 'चार स्त्रियांनी भरले. नावे अज्ञात.' मामा त्या पाटीसमोर इतका खूश होऊन उभा राहिला की मला त्याला खांद्याला धरून पुढे ढकलावं लागलं. चिटणीस मात्र नाक निशाणाला लावून बघत होता. "चार नाहीत, पाच आहेत," तो म्हणाला. "हा कोपरा बघा, टाका वेगळाय. पाचवी कंटाळून सोडून गेली असणार." ताईनं ते लिहून घेतलं. पुढे आम्ही जिथे जिथे थांबलो तिथे असंच झालं. ती विचार सांगायची आणि आमची माणसं वस्तूच्या मागे जाऊन बघायची. कातारी तर एका कपाटाच्या पाठीमागे असा अडकला की पहारेकऱ्यालाच त्याला हात देऊन काढावं लागलं. त्यानंतर पहारेकरी आमच्या बरोबरच चालायला लागला.

शेवटच्या दालनात आमची खुर्ची होती. हातभर उंचीच्या चौथऱ्यावर, भोवती दोरी. पाटीवर लिहिलं होतं, 'वाचनाची खुर्ची. कारागीर अज्ञात.' वरून बैठक छान तुकतुकीत दिसत होती. इतक्या वर्षांनीही झोळ नाही. मामानं विणलेलीच ती, मला वाटलं, आणि जरा वाईटही वाटलं.

"हीच," ताई म्हणाली. "मग, कुणी केली?"

मी घसा साफ केला. "थांब, ताई. आम्ही ठराव घेतो."

"इथे?"

"आमच्यात असंच असतं," चिटणीस म्हणाला. त्याची वही उघडून झाली होती.

मी मांडलं सगळं. सांगाडा कुणाचा, बैठक कुणाची, पॉलिश कुणाचं. "नियम म्हणतो, सगळ्यांचा हात असतो म्हणून नाव नको. इथे एकाचाच हात आहे. मग पाटीवर मामाचं नाव जावं, असा ठराव मी मांडते. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

माझ्या पाठोपाठ कातारी, पॉलिशवाली, चिटणीस, बाकीची चौघं. आठ हात. शेजारी एक नवराबायको प्रदर्शन बघायला आले होते, त्यांनीही हात वर केले. आम्ही त्यांना सांगितलं की तुमची मतं धरता येणार नाहीत, पण आभारी आहोत. मामाचे दोन्ही हात खिशात होते.

"बोल की," मी म्हणाले. "कुठे चुकलं माझं?"

मला वाटलं होतं तो म्हणेल, बरोबर आहे तुझं, पण नाही. तेही म्हणाला नाही. दोरीकडे बघत मग म्हणाला, "हात एकाचाच नाही."

"मग कुणाचा आहे अजून?"

"आहे कुणाचा तरी. सोड आता. अज्ञातच बरं आहे."

हे असं 'कुणाचा तरी' म्हणणं मामाच्या स्वभावात नाही. कातारी म्हणाला, "त्यात काय, खालून बघू. खालून सगळं कळतं."

"खालून कशाला बघायचं?" मामा घाईनं म्हणाला. "वरून चांगली दिसते आहे."

आम्ही सगळेच त्याच्याकडे बघायला लागलो. खुर्ची वरून बघणारं गिऱ्हाईक, खालून बघणारा कारागीर, हे आम्हाला शिकवलं कुणी? यानंच. पाहुण्यांच्या घरी गेला तरी चहा यायच्या आत खुर्ची उलटी करणारा हा माणूस, आणि आज म्हणतो खालून कशाला. मी पर्स पॉलिशवालीच्या हातात दिली आणि दोरीपाशी फरशीवर उताणी पडले.

"अहो बाई," पहारेकरी म्हणाला.

"हात लावत नाही मी."

पहारेकऱ्यानं भिंतीवरची नियमांची पाटी बघितली. चिटणिसानंही बघितली, बोट ठेवून, एकेक ओळ. "झोपू नये असं नाही लिहिलेलं," तो म्हणाला आणि माझ्या शेजारी आडवा झाला. मग कातारी, मग सगळेच. ते नवराबायकोही आडवे झाले, त्यांना वाटलं असणार की प्रदर्शनात हे असंच असतं. उभे राहिले फक्त तिघं. ताई, पहारेकरी आणि मामा.

मान तिरकी करून मी दोरीखालून वर बघितलं. आधी गाठी दिसल्या. मी डावरी आहे. मी मारलेल्या गाठीचा पीळ उलटा पडतो, कारखान्यात हे सगळ्यांना माहीत आहे, मामा मला हाकच 'डावरे' अशी मारतो. आणि त्या गाठी उलट्या पिळाच्या होत्या. एक नाही, सगळ्या.

"ही तर तुझी," कातारी माझ्या कानाशी म्हणाला.

मी वेताची एकेक पट्टी बघत गेले. उभ्या ठीक. आडव्या ठीक. मग तिरक्या. तिसरी तिरकी पट्टी एका जागी वरून जायला हवी होती, ती खालून गेली होती. एकतीस वर्षं जी चूक मी विचारत होते, ती तिथे होती, जशीच्या तशी. आणि तिच्या शेजारच्या पट्टीवर एक बारीक चरा होता. आडवा, नखाएवढा. सुरी टेकवून कुणीतरी कापायला सुरुवात केली होती आणि थांबलं होतं.

मी फरशीवरूनच म्हणाले, "मामा, तू उसवली नाहीस."

"नाही," मामा म्हणाला. मला फक्त त्याचे बूट दिसत होते.

"एकतीस वर्षं खोटं बोललास."

"हो."

"का?"

बूट जरा हलले. "उसवायलाच बसलो होतो. पहिल्या पट्टीला सुरी लावली. मग दिवा जवळ घेऊन पुन्हा बघितलं. एक जागा सोडली तर बाकीची वीण माझ्याहून बरी होती. मला कापवेना. त्या बाई सकाळी लवकर आल्या, बसून बघितलं, आणि घेऊन गेल्या."

"मग हे मला सांगायला काय झालं होतं? मी रडत गेले होते घरी. आईला म्हणाले होते, मी परत जाणार नाही."

"सांगितलं असतं तर पुढची बैठक तू माझ्या तोंडाकडे बघत विणली असतीस. तू आलीस ती रागानं लाल होऊन, आणि वेताकडे बघून विणलीस. तेव्हा म्हटलं, आता असू दे. मग दहा वर्षं गेली, आणि इतक्या उशिरा सांगायचं कसं ते कळेना. तू टोमणे मारायचीस तेव्हा वाटायचं, सांगावं. पण टोमणे चांगले असायचे."

पॉलिशवाली डोळे पुसत होती. ती पॉलिशच्या वासानंही रडते, त्यामुळे त्याचं मला फार वाटलं नाही. पण मीही रडत होते. उताणं पडून रडलं की पाणी कानात जातं, हे मला त्या दिवशी कळलं. मला इतका राग आला होता आणि त्याच वेळी इतकं बरं वाटत होतं, की उठावं की तिथेच पडून राहावं ते समजेना. शेवटी कातारीनं हात धरून उठवलं.

"म्हणजे ठराव पडला," चिटणीस बसल्या बसल्या लिहीत म्हणाला. "हात एकाचा नव्हता."

"मग मी दुसरा मांडतो," मामा म्हणाला. "पाटीवर बैठकीसाठी डावरीचं नाव घाला. सांगाड्याचं राहू दे. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

आणि खिशातून उजवा हात काढून त्यानं वर केला. जो माणूस म्हणायचा, नाव बसणाऱ्याच्या पाठीला टोचतं, तो. हात चांगलाच थरथरत होता, आणि या वेळी त्यानं तो दाबून धरला नाही.

"हा हात होकाराचा की निरोपाचा?" कातारीनं विचारलं. "सारखा हलतोय."

"होकाराचा," मामा म्हणाला. "लवकर मोज."

सात हात वर होते, मामाचा आठवा. सगळे माझ्याकडे बघत होते. वर करायचा एवढाच माझा हात, की झालं. संग्रहालयात माझं नाव. शेजारपाजारचे बघायला आले असते, माझ्या नणंदेला तर मी स्वतः घेऊन आले असते. पण खरं सांगते, हात उचलावासाच वाटला नाही. एकतीस वर्षं मला जे हवं होतं ते फरशीवर पडल्या पडल्या मिळालं होतं. माझ्याहून बरी होती, असं तो म्हणाला होता, सगळ्या कारखान्यासमोर, वर पहारेकरी साक्षीला. आता त्या एका बाजूच्या नावाचं मी काय करू, ज्याच्या शेजारी त्याचं नाव नाही?

"बरोबर आहे तुझं, मामा," मी म्हणाले. "पण नाही."

चिटणिसानं लिहिलं, ठराव पडला. हात एक एक करून खाली आले.

ताई बिचारी कागद घेऊन उभी होती. "मग मी काय लिहू? मला आज पाटी छापायला द्यायची आहे. परत अज्ञात?"

"अज्ञात कशाला?" मी म्हणाले. "घे लिहून. ही खुर्ची नऊ जणांच्या कारखान्यात झाली." आणि मग जरा थांबून पुढचं सांगितलं, हळूहळू, तिला लिहिता यावं म्हणून. ती लिहिता लिहिता हसायला लागली. शेवटचा शब्द तिनंच सुचवला, त्यांच्या संग्रहालयातला. चिटणिसानं तो वहीत उतरवला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. नऊ हात वर झाले. माझा डावा होता. मामाचा सगळ्यात शेवटी खाली आला.

दरवाजाकडे जाताना तो माझ्या शेजारी चालत होता. "तिसऱ्या तिरकीत खालून गेलीस तू," तो म्हणाला.

"बघितलं मी. आता सांगतोयस?"

"तेव्हा सांगितलं असतं तर सुधारली असतीस."

नवी पाटी लागली तेव्हा मामाला कारखाना सोडून पंधरा दिवस झाले होते. मी त्याला घेऊन गेले. पहारेकऱ्यानं आम्हाला ओळखलं आणि काही न बोलता दोरीजवळची दोन माणसं जरा बाजूला घेतली, आम्हाला आडवं व्हायचं असेल तर म्हणून. आम्ही उभ्यानंच वाचलं. मामाला चष्मा सापडेना, म्हणून मी वाचून दाखवलं.

'वाचनाची खुर्ची. नऊ जणांच्या कारखान्यात बनवलेली. बैठकीच्या खालच्या बाजूस विणीतील एक चूक आणि सुरीचा एक चरा आहे. दोन्ही मूळचे.'

"पुन्हा वाच," मामा म्हणाला.